दिव्यांग खेळाडू : कारुण्याकडून प्रमोदाकडे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



श्रावकाने करावयाची चार दाने शास्त्रकारांनी सांगितली आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. कोणत्याही जैन ट्रस्टच्या जमाखर्चाच्या वह्या उघडून पाहिल्या, तर पहिल्या तीन खात्यांवर वर्षानुवर्षे सढळ हाताने रकमा पडलेल्या दिसतात. भोजनशाळा, दवाखाना, पाठशाळा, शिष्यवृत्ती ही त्या खात्यांची आजची नावे. चौथ्या खात्यावर मात्र बहुधा जीवदयेच्या, म्हणजे गोशाळेच्या आणि पांजरापोळाच्या नोंदी असतात. त्या असाव्यातच. परंतु माणसाचे भय दूर करणे हेही अभयदानच होय. ज्याचा एखादा अवयव वा एखादे इंद्रिय साथ देत नाही, अशा तरुणाला उपासमारीपेक्षाही मोठे भय असते ते जन्मभर दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याचे. दिव्यांग युवा खेळाडू हा आजचा विषय त्या भयाशी निगडित आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वामींनी, म्हणजेच श्वेतांबर परंपरेतील उमास्वातींनी, साधकाच्या चार भावना सांगितल्या आहेत. प्राणिमात्रांविषयी मैत्री, गुणांनी श्रेष्ठ असणाऱ्यांविषयी प्रमोद, क्लेश भोगणाऱ्यांविषयी कारुण्य आणि अविनयी जनांविषयी माध्यस्थ्य. पाठशाळेतील लहान मुलेही ही चार नावे घडाघडा म्हणून दाखवितात. प्रश्न येतो तो व्यवहारात. गुडघ्याखाली पाय नसलेली एखादी तरुणी पहाटे पाच वाजता मैदानावर येऊन दोन तास घाम गाळते. तिच्याकडे पाहून मनात कोणती भावना उठावी? बहुतेकांची दृष्टी प्रथम नसलेल्या पायाकडे जाते आणि तोंडातून 'बिचारी' हा शब्द निघतो. वास्तविक तिचा नियम, तिचे सातत्य आणि तिची तितिक्षा पाहता ती प्रमोदाची अधिकारी आहे. गुण पाहून होणारा आनंद म्हणजे प्रमोद, दुःख पाहून येणारा कळवळा म्हणजे कारुण्य. दोन्ही भावना शुद्धच आहेत, पण जिथे एक हवी तिथे दुसरी दिली की घेणाऱ्याचा अपमान होतो आणि देणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही.

येथे एका अवघड गोष्टीचा उच्चार टाळून चालणार नाही. जैन घरांत कर्मसिद्धांत बाळपणापासून कानांवर पडतो. शरीराची घडण नामकर्माने होते, वेदना असातावेदनीयाच्या उदयाने येते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे घरात दिव्यांग मूल जन्मले की 'पूर्वकर्म' हा शब्द कुजबुजीत येतो. कधी आईला ऐकू जाईल अशा बेताने तो उच्चारला जातो, आणि मग ते मूल पाहुण्यांसमोर येईनासे होते. मोठ्या बहिणीचे लग्न जमेपर्यंत त्याला आतल्या खोलीत ठेवणारी घरे होती, आणि ती सर्वस्वी नाहीशी झाली आहेत असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. कर्मसिद्धांत जीवाने स्वतःच्या पुरुषार्थासाठी वापरायचा आहे, शेजाऱ्याच्या मुलाचा निवाडा करण्यासाठी तो सांगितलेला नाही. शिवाय त्याच सिद्धांतात अंतराय नावाचे कर्म आहे. दुसऱ्याच्या कार्यात विघ्न आणल्याने ते बांधले जाते आणि त्याच्या पाच प्रकारांत वीर्यांतराय, म्हणजे सामर्थ्याच्या आड येणारे कर्म, हाही एक प्रकार आहे. धावू पाहणाऱ्या मुलाला 'पडशील' म्हणून बसविणे, पोहू पाहणाऱ्या मुलीला 'तुला कशाला हवे हे?' म्हणून रोखणे, हे सारे मायेपोटी घडते हे खरे. पण माया हे निमित्त असले म्हणून विघ्न हे विघ्नच राहते.

असे विघ्न न आल्यास काय घडू शकते, याचे पहिले मोठे उदाहरण महाराष्ट्राच्याच मातीतील आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे १९४४ मध्ये जन्मलेले मुरलीकांत पेटकर सैन्यात दाखल झाले आणि तेथे मुष्टियुद्ध खेळू लागले. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचाराचा एक भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले आणि त्या पाण्यातूनच एक जलतरणपटू घडला. १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाईल शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळविले. भारताचे ते पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक होय. अभिनव बिंद्राने ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकले ते २००८ मध्ये, म्हणजे त्यानंतर छत्तीस वर्षांनी.

पेटकरांना त्या काळी पाठबळ देणाऱ्यांत विख्यात क्रिकेटपटू विजय मर्चंट हे अग्रभागी होते. मर्चंट हे कापड गिरण्यांच्या ठाकरसी घराण्यातील. अपंगांच्या कामात त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे दिली. व्यापारी घराण्याने खेळाडूच्या पाठीशी उभे राहावे, हा आदर्श कापडाच्या पेढीवर बसणाऱ्यांना परका नाही, एवढेच येथे सुचवायचे आहे. पेटकरांनी पुढे पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली आणि कष्टाची भाकरी खाल्ली. देशाच्या प्रमोदभावनेला मात्र फार उशिरा जाग आली. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, आणि अर्जुन पुरस्काराचा जीवनगौरव मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, तेव्हा त्यांनी ऐंशी वर्षे पार केली होती. मधल्या काळात या सुवर्णपदकाचे नाव किती शाळांतील किती मुलांच्या कानांवर पडले असेल, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

पॅरालिम्पिकचा उगमही कण्याच्या दुखापतीच्या एका दालनात झाला, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून इंग्लंडला गेलेले डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे कण्याच्या दुखापतीच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला. अशा रुग्णाने फार दिवस जगू नये, असाच तोवर समज होता. त्याला अंथरुणावर ठेवून त्याची शुश्रूषा करीत राहणे हीच दया मानली जाई. गुटमन यांनी रुग्णांना अंथरुणातून उठविले, हाताला काम दिले आणि खेळावयास लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकचे उद्‌घाटन होत असतानाच, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. १९६० मध्ये रोमला तिला जागतिक रूप आले. आज पॅरालिम्पिकमध्ये भारताची संख्याही लक्षणीय असते : टोकियोच्या स्पर्धेत १९ पदके आणि २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत २९, त्यांपैकी सात सुवर्ण. (श्रवणदोष असलेल्या खेळाडूंची जागतिक स्पर्धा याहून जुनी असून ती १९२४ मध्ये पॅरिसलाच सुरू झाली, ही गोष्ट फारशी कोणाच्या गावी नसते.)

आता घराजवळ येऊ. धाराशिव जिल्हा खो-खोचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. २०२० मध्ये येथील सारिका काळे हिला खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा सारा जिल्हा हरखून गेला. त्याच वर्षीच्या अर्जुन पुरस्कारांच्या यादीत आणखी एक नाव शेजारचेच होते. परंड्याची शीव ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुका लागतो. तेथील सुयश जाधव या जलतरणपटूला त्याच वर्षी तो सन्मान लाभला. २००४ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, विजेच्या धक्क्याने त्याने दोन्ही हात कोपराखाली गमावले. वडील क्रीडाशिक्षक असल्यामुळे घरात खेळाचे संस्कार होते. दोन्ही हात गेलेल्या मुलाला त्यानंतर पाण्यात जाऊ देणे हा निर्णय कोणत्याही आईबापांसाठी सोपा नव्हे. तो घेतला गेला म्हणून २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकसाठी 'अ' दर्जाची पात्रता गाठणारा पहिला भारतीय जलतरणपटू करमाळ्याचा निघाला, आणि २०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय प्रकाराचे सुवर्ण त्याच्या गळ्यात पडले.

नांदेड जिल्ह्यातील भाग्यश्री जाधव बसून गोळा फेकतात. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्‌घाटन सोहळ्यात भारताचा ध्वज हाती घेण्याचा मान ज्या दोघांना मिळाला, त्यांपैकी त्या एक. त्याच स्पर्धेत आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारी यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविले. शालेय वयात सायकलवरून पडून त्यांच्या हाताला कायमची इजा झाली होती. आटपाडी, करमाळा, मुखेड आणि आपले परंडा, भूम, कळंब ही सारी पाण्यासाठी आभाळाकडे पाहणारी गावे. तेथे तरणतलाव नाहीत, कृत्रिम धावपट्ट्या नाहीत. तरीही अशा गावांतून ही माणसे निघाली. मग आपल्या जिल्ह्यातील एखाद्या गावी असा मुलगा वा मुलगी आज आतल्या खोलीत बसलेली नसेल, असे कोण म्हणू शकेल?

स्वावलंबन म्हणजे कोणाचीच मदत न घेणे, असा एक गैरसमज आहे. जैन विचार याबाबतीत फार सूक्ष्म आहे. प्रत्येक जीव स्वतंत्र आहे आणि आपल्या उन्नतीचा कर्ता तोच आहे, हे एक अंग. भगवान महावीरांच्या साधनाकाळात इंद्राने संरक्षणासाठी सोबत राहण्याची विनंती केली व प्रभूंनी ती नाकारली, ही श्वेतांबर परंपरेतील कथा त्याच अंगाची. पण त्याच तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात जीवांनी एकमेकांवर उपकार करीत राहणे हा जीवांचा स्वभावच सांगितला आहे, आणि जैन प्रतीकाखाली तेच सूत्र छापले जाते. या दोहोंचा मेळ प्रत्यक्षात कसा बसतो, हे पाहावयाचे असेल तर अंध धावपटूंची शर्यत पाहावी.

पूर्णतः अंध धावपटूंच्या गटात डोळ्यांवर पट्टी बांधणे सर्वांनाच सक्तीचे असते, जेणेकरून कोणाला किंचितही प्रकाश दिसत असल्यास त्याचा लाभ मिळू नये. प्रत्येकाबरोबर एक डोळस मार्गदर्शक धावतो. दोघांच्या हातांत एका छोट्या दोरीची टोके असतात. मार्गदर्शक वळण सांगतो, अंतर सांगतो, पावलाला पाऊल जुळवितो. नियम असा की त्याने खेळाडूला ओढता कामा नये, ढकलता कामा नये, आणि अंतिम रेषा खेळाडूनेच आधी ओलांडली पाहिजे. मार्गदर्शक पुढे गेला तर दोघेही बाद. म्हणजे मार्गदर्शकाजवळ खेळाडूइतका, किंबहुना अधिक वेग हवा, आणि तो वेग आवरण्याचा संयमही हवा. पॅरिसला सिमरन शर्मा हिने अंशतः दृष्टी असलेल्यांच्या गटात २०० मीटर शर्यतीचे कांस्यपदक मिळविले. तिच्या मार्गदर्शक धावपटूचे नाव अभय सिंह. अभयदानाची याहून नेमकी व्याख्या योजून सापडली नसती.

त्याच पॅरिसमध्ये मॅरेथॉनच्या शर्यतीत एलेना काँगोस्त ही स्पॅनिश धावपटू तिसऱ्या क्रमांकावर होती. अंतिम रेषा काही पावलांवर असताना तिच्या मार्गदर्शकाच्या पायांत गोळे आले. त्याला सावरण्यासाठी तिने क्षणभर दोरी सोडली आणि नियमभंग म्हणून तिला बाद ठरविण्यात आले. त्या निर्णयावर जगभर वाद झाला. निर्णयाच्या योग्यायोग्यतेत न शिरताही एक गोष्ट ध्यानी येते. जिला सारे जग मदतीची पात्र समजते, ती अंध स्त्री त्या क्षणी मदत करणारी होती. उपकार हा दोन्ही बाजूंनी वाहतो, हे अनेकदा ग्रंथात वाचले जाते, पण देणाऱ्याच्या आसनावर बसण्याची सवय जडली की त्याचा विसर पडतो.

जैन समाजाने या क्षेत्रात काहीच केले नाही असे मुळीच नाही. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, १९७५ मध्ये, देवेंद्रराज मेहता यांनी जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना केली. समितीने ज्या पायाला जगभर नेले, तो 'जयपूर फूट' रामचंद्र शर्मा या कसबी कारागिराच्या आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या सहकार्यातून १९६८ च्या सुमारास आकारास आला होता. परदेशी बनावटीचा पाय बुटाशिवाय चालत नसे. त्यामुळे तो घालून देवळात जाता येत नसे, मांडी घालून पंगतीत बसता येत नसे, शेतातील चिखलात उतरता येत नसे. जयपूरचा पाय या सगळ्याला उपयोगी पडला, कारण तो घालणाऱ्याचे जगणे आधी पाहिले गेले आणि मग पाय घडविला गेला.

कापडाच्या धंद्यातील मंडळींना ही गोष्ट चटकन उमगेल. तयार कपडा कितीही भारी असला, तरी ज्याच्या अंगाचे माप घेतलेच नाही त्याला तो कधी काखेत काचतो, कधी खांद्यावरून ओघळतो. दानाचेही तसेच आहे. ट्रस्टने शंभर एकसारख्या चाकाच्या खुर्च्या वाटल्या तर वृत्तपत्रात छायाचित्र चांगले येते, परंतु त्यांतील कित्येक खुर्च्या घेणाऱ्यांच्या मापाच्या नसतात आणि लवकरच अंगणात कपडे वाळत घालण्याच्या कामी येतात. खेळाडूच्या बाबतीत तर मापाची गरज अधिकच. रोजच्या चालण्याचा कृत्रिम पाय वेगळा आणि धावण्याचे कार्बन तंतूचे पाते वेगळे. घरात वापरण्याची खुर्ची वेगळी आणि बास्केटबॉल वा शर्यतीची खुर्ची वेगळी. बसून गोळा वा भाला फेकणाऱ्यास लोखंडी चौकट लागते. तिच्या आसनाची उंची नियमानुसार ७५ सेंटीमीटरपेक्षा अधिक चालत नाही, आणि ती प्रत्येकाच्या बैठकीनुसार बनवून घ्यावी लागते. ही चौकट मात्र गावातला वेल्डिंगवाला नियम समजावून दिल्यास बनवू शकतो. सर्वच साहित्य परदेशातून आणावे लागते, हा समज तेवढ्यापुरता दूर करावा.

मापाइतकेच महत्त्व वेळेला आहे. मूळच्या अमरावतीच्या आणि नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करणाऱ्या कांचनमाला पांडे या जन्मांध जलतरणपटू. २०१७ च्या जुलै महिन्यात बर्लिनच्या स्पर्धेला गेल्या असता खर्चाची रक्कम वेळेवर हाती पडली नाही आणि परक्या देशात त्यांच्यावर उसनवारीची पाळी आली. त्याही स्थितीत त्यांनी तेथे रौप्यपदक मिळविले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेक्सिको येथील जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्ण जिंकले. सुवर्ण जिंकल्यावर सत्काराला लोक आपोआप येतात. बर्लिनच्या रस्त्यावर खिसा रिकामा असतो तेव्हा कोणी नसते. व्यापाऱ्याला हंगामाचे महत्त्व सांगावे लागत नाही. दिवाळीचा माल दिवाळी झाल्यावर पेढीवर पोचला तर त्याची किंमत काय राहते? खेळाडूचा हंगाम पदकाच्या आधी असतो. समाजाच्या शाली मात्र पदकानंतर येतात.

याचा अर्थ असा नव्हे की प्रत्येक दिव्यांग मुलाने पदक आणलेच पाहिजे. तसा आग्रह धरणे हीही एक निर्दयताच होईल. सुदृढ मुलांतील हजारो जण केवळ आनंदासाठी खेळतात, हरतात आणि घरी येऊन जेवतात. तीच मोकळीक याही मुलांना असावी. पडण्याचा, खरचटण्याचा, शेवटचा क्रमांक येण्याचा आणि चार दिवस रुसून बसण्याचाही हक्क त्यांना असावा. 'केवढी प्रेरणा मिळते हो तुमच्याकडे पाहून!' असे जो तो म्हणू लागला, की त्या मुलाला कंटाळा करण्याचीही चोरी होते.

पॅरा खेळात उतरण्याची पहिली पायरी वर्गीकरणाची असते, हे पालकांना बहुधा ठाऊक नसते. मैदानी स्पर्धांत धावण्याच्या व उडीच्या गटांना 'टी' आणि फेकीच्या गटांना 'एफ' हे अक्षर असते. त्यापुढील आकडा दिव्यांगत्वाचा प्रकार आणि त्याची तीव्रता दर्शवितो : ११ ते १३ दृष्टिदोष, २० बौद्धिक, तिशीतील आकडे मेंदूच्या पक्षाघाताचे, पंचेचाळीसच्या आसपासचे हातांचे, पन्नाशीतील बसून खेळणाऱ्यांचे. कोणत्या गटात समावेश होतो यावर खेळाडूची सारी दिशा ठरते. त्यासाठी वैद्यकीय कागदपत्रे आणि दिव्यांगत्वाचे ओळखपत्र जवळ असावे लागते. कायदाही आता अनुकूल आहे. २०१६ च्या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि दिव्यांगांच्या क्रीडाविषयक तरतुदींसाठी स्वतंत्र कलम घातले. ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांनी स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांग कल्याणासाठी खर्चावी, असाही राज्यात नियम आहे. गावोगावच्या सभागृहांत समाजाचे सदस्य निवडून जातात. ही रक्कम कोठे खर्च होते, असा प्रश्न त्यांनी सभेत विचारावयास पैसे पडत नाहीत.

कोणी म्हणेल की एवढे दीर्घ पल्ल्याचे काम लहान जिल्ह्यातील समाजाला झेपेल काय? त्याचे उत्तर याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूरसह तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील लोहारा व उमरगा भागातील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. अन्न, कपडे, भांडी यांचे ढीग देशभरातून आले. कपड्यांचे तर इतके, की ते पडून राहिले. त्या गर्दीत भारतीय जैन संघटनेने आणि शांतिलाल मुथ्था यांनी वेगळा विचार केला. भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची जबाबदारी घेतली. ती एका दिवसाची मदत नव्हती. मुले शिकून स्वतःच्या पायांवर उभी राहीपर्यंत चालणारे ते काम होते. त्या बाराशे मुलांसाठी जे जमले, त्यापुढे जिल्ह्यातील दहा-वीस दिव्यांग खेळाडूंचे पालकत्व ही मोठी गोष्ट नव्हे.

पालकत्व म्हणजे नेमके काय, तेही सांगितले पाहिजे. सरावासाठी आठवड्यातून चार दिवस गावाहून जिल्ह्याच्या क्रीडांगणापर्यंत जाण्या-येण्याचा खर्च हा यातील सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. एसटी आणि रेल्वेत सवलत मिळते, गरज असल्यास सोबत्यालाही मिळते. परंतु सोबत जाणाऱ्या आईची वा भावाची बुडालेली मजुरी कोणत्याच योजनेत धरलेली नसते. ट्रस्टने ती धरावी. ही रक्कम दरमहा, ठरलेल्या तारखेला, खेळाडूच्या स्वतःच्या बँक खात्यात जावी. दरवेळी अर्ज, दरवेळी विश्वस्तांपुढे हात जोडणे, दरवेळी छायाचित्र, हे नसावे. तिचा हिशेब मात्र खेळाडूनेच ठेवावा आणि वर्षाअखेर सादर करावा. हिशेब मागणे हा अविश्वास नाही. ज्याच्याकडून हिशेब घेतला जातो, त्याला जबाबदार माणूस मानले जाते.

जोडीला पेढ्यांनी नोकरीचा विचार करावा. सकाळ-संध्याकाळ सरावाला मोकळीक देऊन दुपारच्या वेळेत बिलाचे, संगणकाचे वा साठ्याच्या नोंदीचे काम देता येते. पगार मात्र कामाचा द्यावा, दयेचा देऊ नये, आणि काम चुकले तर इतरांना जसे बोलले जाते तसेच बोलावे. धर्मशाळा, मंदिराचे आवार, पाठशाळा आणि दुकाने यांच्या पायऱ्यांशेजारी उतार असावा. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा उतार हे त्याचे रूढ प्रमाण आहे. त्याहून चढ अधिक ठेवला तर खुर्चीवरील माणसाला मागून ढकलणारा शोधावा लागतो आणि उतार बांधूनही परावलंबन कायम राहते.

शेवटी सत्कारासंबंधी. महोत्सवात गुणवंतांचा सत्कार होतो, त्यात पुढेमागे दिव्यांग खेळाडूंचाही होईल. अशा प्रसंगी चार कार्यकर्ते खेळाडूला खुर्चीसकट उचलून व्यासपीठावर नेतात, लोक टाळ्या वाजवितात आणि सारा वेळ त्या तरुणाची मान खाली असते. हे दृश्य अनेक ठिकाणी दिसते. तीन फूट उंचीच्या व्यासपीठाला नियमाप्रमाणे छत्तीस फूट लांबीचा उतार लागतो. मंगल कार्यालयात तेवढी जागा नसेल तर व्यासपीठच एक फुटाचे घ्यावे, म्हणजे बारा फुटांत काम भागते आणि खेळाडू आपल्या हातांनी चाके फिरवीत वर येतो. मंडपवाल्यास हे आठ दिवस आधी सांगावे लागते, कारण ऐनवेळी त्याच्याकडे तशा फळ्या नसतात.

जय जिनेंद्र.